प्रश्न घेऊन आलेला श्रोता : भातखंडे यांचे मद्रास आणि आपले ऐकणे

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा करताना 'दर्शन', 'दृष्टी', 'शब्दचित्र', 'निरीक्षण' या संज्ञा आपण इतक्या सहजपणे वापरतो की हा वाङ्मयप्रकार आपण मुळातच डोळ्यांच्या स्वाधीन केला आहे, याचे भान राहत नाही. प्रवासी गावात शिरतो, देऊळ पाहतो, घाट पाहतो, बाजार पाहतो. नाद आलाच तर तो देवळातल्या घंटेचा किंवा बाजारातल्या गलबल्याचा, म्हणजे चित्राची पार्श्वभूमी म्हणून येतो. अशा प्रवाशाला गाण्यासाठी ख्यात असलेल्या शहरात उतरवले की त्याची पंचाईत होते. गाणे एका जागी उभे नसते. ते कोणाच्या तरी घरी, कोणत्या तरी प्रहरी, कोणाच्या तरी मर्जीने होत असते. त्यामुळे अशा शहरातल्या पहिल्या दिवसांत प्रवासी काय ऐकतो, याच्याआधी तो कोणाचा पत्ता विचारतो, हे पाहावे लागते. त्या पत्त्यातच त्याच्या ऐकण्याची मर्यादा ठरून गेलेली असते.

या दृष्टीने एका मराठी प्रवाशाचा विचार येथे करावयाचा आहे. विष्णु नारायण भातखंडे १९०४ च्या अखेरीस मुंबईहून मद्रासला गेले आणि तेथून तंजावर, मदुरा, रामेश्वर, एट्टयापुरम असा दक्षिणेचा दौरा त्यांनी केला. या प्रवासाची रोजनिशी त्यांनी लिहून ठेवली. संगीताच्या अभ्यासकांना ती परिचित आहे, बहुतेकांना हिंदी अनुवादातून. जानकी बखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या ग्रंथात भातखंडे यांच्या रोजनिश्यांचा विस्ताराने उपयोग केला आहे. तथापि बखले यांचा प्रश्न इतिहासकाराचा आहे. हिंदुस्थानी संगीताला शास्त्र, शिक्षणक्रम आणि राष्ट्रीय स्वरूप देण्याच्या खटाटोपात कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, हे त्यांना शोधायचे आहे. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. एका अनोळखी, गाणाऱ्या शहरातल्या पहिल्या दिवसांचे पुढे लेखनात काय होते, एवढेच मला पाहायचे आहे.

१९०४ चे मद्रास आजच्या चेन्नईहून वेगळे होते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. आज मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास तेथे जाणाऱ्या मराठी रसिकाच्या हाती छापील कार्यक्रमपत्रिका असते. कोणत्या सभेत किती वाजता कोण गाणार आणि कोणत्या सभेच्या उपाहारगृहातला डोसा चांगला, हे त्याला गाडीतून उतरण्यापूर्वीच ठाऊक असते. २०१७ मध्ये युनेस्कोने संगीतासाठी 'सर्जनशील शहर' म्हणून चेन्नईचा स्वीकार केला तो या गजबजलेल्या चेन्नईचा. भातखंडे गेले तेव्हा यातले बहुतेक काही नव्हते. मद्रासची म्युझिक अकॅडमी १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाला जोडून भरलेल्या संगीत परिषदेतून निघाली आणि डिसेंबरचा मोसम त्यानंतर बांधला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्रिप्लिकेनसारख्या भागांत सभा नुकत्याच मूळ धरू लागल्या होत्या. एरव्ही गाणे होते ते देवळांच्या उत्सवांत, लग्नमंडपांत, धनिकांच्या घरी, आणि जॉर्ज टाउनमधल्या वीणा धनम्माळ यांच्यासारख्या कलावतींच्या माडीवर. धनम्माळ यांच्या शुक्रवारच्या बैठकी पुढे आख्यायिकेच्या पदाला पोचल्या. शहर गाण्याने भरलेले होते, पण त्याला दार नव्हते. नवख्या माणसाला कोणीतरी हात धरून नेल्याखेरीज ते ऐकू येणे कठीण.

भातखंडे यांचा हात धरला तो इंग्रजी जाणणाऱ्या, शास्त्राची आवड असलेल्या सुशिक्षितांनी. हे स्वाभाविकच होते. ते स्वतः वकील होते. १९०० मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये कन्या वारल्यानंतर संसाराचा पाश असा उरला नव्हता आणि वकिलीतून त्यांचे मन उडाले होते. कान मात्र तयार होता. सतार ते शिकले होते, गायन उत्तेजक मंडळीत अनेक उस्तादांचे गाणे त्यांनी ऐकले होते, रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदे घेतली होती. तेव्हा 'गाणे न कळणारा शास्त्री' अशी त्यांची जी सोपी थट्टा अधूनमधून केली जाते ती अन्यायाची आहे. मद्रासला ते बहिरे म्हणून गेले नव्हते. पण ऐकण्यासाठी गेले नव्हते, हेही तितकेच खरे. ते विचारण्यासाठी गेले होते. उत्तरेतले रागरूप घराण्याघराण्यांत बदलते, त्याला आधार काय. दक्षिणेत बहात्तर मेळांची जी व्यवस्था आहे तिचा मूळ ग्रंथ कोठे आहे. 'संगीतरत्नाकर' समजलेला कोणी पंडित हयात आहे काय, असे हे प्रश्न होते.

यांतला शेवटचा प्रश्न आपल्याला विशेष जवळचा वाटावा. 'रत्नाकर' लिहिला गेला तो देवगिरीला, यादव सिंघणाच्या आश्रयाने, तेराव्या शतकात. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजोबा दक्षिणेत आला. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर, काश्मिरातून आलेल्या कुटुंबातील माणसाने लिहिलेल्या ग्रंथाचा अर्थ विचारत मुंबईचा वकील मद्रासच्या दिवाणखान्यांतून फिरत होता. ग्रंथ प्रवास करतात आणि त्यांना समजणारे कान मागे राहतात, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. भातखंडे यांचा निष्कर्ष पुढे हाच झाला की 'रत्नाकर'मधले स्वर आजच्या गाण्याला लावून दाखवणे कोणालाही साधलेले नाही.

रोजनिशीचा आकृतिबंध या प्रश्नांनी घडवला आहे. ती दिवसांची नोंद असली तरी तिचे एकक दिवस नाही, भेट आहे. कोणाकडे गेलो, काय विचारले, त्याने काय सांगितले, ते ग्राह्य की अग्राह्य, असा तिचा क्रम असतो. साक्षीदाराची तपासणी करणाऱ्या वकिलाची सवय तिच्यात उतरली आहे असे म्हटले तर ते केवळ चरित्रात्मक निरीक्षण ठरू नये, कारण त्या सवयीचा परिणाम निवेदनावर होतो. साक्षीदाराला जे शब्दांत सांगता येते तेवढाच पुरावा. ज्याचे उत्तर गळ्यात किंवा बोटांत आहे, त्याला या व्यवहारात साक्षीदार होताच येत नाही. नागस्वरम् वाजवणाऱ्याला 'तुमच्या रागाला ग्रंथाधार कोणता?' असे विचारले तर तो राग वाजवून दाखवील; आणि ते वाजवणे हे उत्तर म्हणून नोंदवायचे कसे, याला रोजनिशीत जागाच नाही. अशा रचनेत कलावतींची माडी उत्तर देणाऱ्याच्या जागी येऊ शकत नाही. हा एका व्यक्तीच्या पूर्वग्रहाचा भाग थोडा असेल. अधिक मोठा भाग प्रश्नोत्तर या प्रकाराचाच आहे.

या पद्धतीचे फळ मात्र मिळाले, आणि ते लहान नव्हते. एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितर भेटले. दीक्षितर तेव्हा वयोवृद्ध होते. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, ते वारले. त्यांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा तेलुगू लिपीतला प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी, १९०४ मध्ये, एट्टयापुरमला छापून झाला होता. दोघांना समान भाषा नव्हती. मध्ये दुभाषा लागला. वेंकटमखीचा सतराव्या शतकातला 'चतुर्दंडिप्रकाशिका' हा ग्रंथ भातखंडे यांच्या पुढील सगळ्या विचाराचा पाया ठरला, आणि त्याची वाट या प्रवासातून गेली. बहात्तर मेळांच्या कल्पनेवरून उत्तरेसाठी दहा थाट त्यांनी निवडले. आपल्या शाळकरी मुलांनाही आज पाठ असलेली बिलावल, कल्याण, खमाज ही मालिका तेथून निघते. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. दीक्षितरांच्या ग्रंथात प्रत्येक रागाबरोबर कृती आहेत आणि त्या कृतींत गमकांच्या खुणा आहेत. स्वर कोठून कसा हलतो हे सांगण्याचा त्यात जीव तोडून प्रयत्न आहे. भातखंडे यांनी घेतला तो सांगाडा, हालचाल मागे राहिली. ती घेणे त्यांच्या कामाचे नव्हते, असे म्हणता येईल. पण नेमके तेच ऐकण्याचे शहर होते.

आता या प्रवासाचे पुढे वाङ्मयात काय झाले ते पाहू. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग १९१० मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला आणि शेवटचा, चौथा, १९३२ मध्ये. हे सगळे भाग गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहेत. या संवादात प्रवासातल्या भेटी पुन्हापुन्हा येतात, पण नावे गळून. 'एक पंडित', 'एक गृहस्थ' असे कोणी येतात, काही सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यातली विसंगती शिष्याच्या लक्षात आणून दिली जाते. हे प्रसंग मिस्कील आहेत, वाचनीय आहेत; मराठी शास्त्रीय गद्यात इतका जिवंत विनोद क्वचितच आढळतो. परंतु निवेदनाच्या अंगाने येथे एक मोठा पालट घडला आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो पुरेसा चर्चिला गेलेला नाही. १९०४ मध्ये जो विचारणारा होता तो १९१० मध्ये सांगणारा झाला आहे. नवख्याची जागा आता शिष्याला, म्हणजे वाचकाला, दिली आहे. शहरातले पहिले दिवस, ती भाषा न कळणे, दुभाष्यावर विसंबणे, एखाद्या गाण्यापुढे काय म्हणावे हे न सुचणे, हे सगळे सांगणाऱ्याच्या अंगावरून उतरवून ऐकणाऱ्याच्या अंगावर घातले आहे. आणि या शिष्याचे अज्ञान सोयीचे आहे. गुरूपाशी ज्यांची उत्तरे तयार आहेत तेवढेच प्रश्न तो विचारतो.

संवादरूप आपल्याला नवे नाही. गीतेपासून ते चालत आले आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या श्रोत्यांनी तर वक्त्याला अडवण्याचा हक्कही राखला आहे. 'पद्धती'तला शिष्य सहसा अडवत नाही. मद्रासच्या दिवाणखान्यांत भातखंडे यांनी स्वतः जी हुज्जत घातली असती, ती हा शिष्य घालत नाही. प्रवाशाच्या ठायी असलेला संशय ग्रंथकाराने शिष्याला वारसा म्हणून दिलेला नाही, ही या महान ग्रंथाची वाङ्मयीन उणीव मला वाटते.

एवढे लिहून थांबणे मला सोपे गेले असते, आणि अलीकडे असे लिहिणारे बरेच आहेत. परंतु मी हे बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमसारख्या गावाच्या आसमंतातून लिहितो आहे, आणि येथून हा प्रश्न वेगळा दिसतो. येथे गाणे नाही असे नव्हे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला हिवऱ्याला लोटणारी गर्दी, ट्रॅक्टरमधून वाढला जाणारा पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद आणि दिवसभर चालणारी भजने-कीर्तने ज्याने अनुभवली आहेत, त्याला सामुदायिक ऐकणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तेथे पहिल्यांदा येणाऱ्यालाही कोणाचा पत्ता विचारावा लागत नाही. पंगतीत बसले की टाळ कानावर येतोच. (विवेकानंद स्वतः धृपद-ख्याल गाणारे होते आणि १८८७ च्या 'संगीत कल्पतरू' या बंगाली संग्रहाच्या संपादनात त्यांचा वाटा होता, ही गोष्ट त्या उत्सवातही फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही.) पण ख्यालगायन, रागाचे सविस्तर गाणे, हे आमच्याकडे समोर बसून ऐकण्याची वस्तू नव्हते. ते दोन वाटांनी आले. एक, शनिवारी रात्री खरखरत येणारा आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. आणि दुसरी, भातखंडे यांची 'क्रमिक पुस्तक मालिका'. पेटीवर पुस्तक उघडे ठेवून एकेक स्वर दाबत एखादी बंदिश उभी करणे, हीच आमची मैफल होती. उस्तादाच्या दारात वर्षानुवर्षे उभे राहण्याची ऐपत किंवा जात-कुळी नसलेल्या माणसाला त्या पुस्तकाने आत घेतले. कागदाने शहराचे दार उघडले. ज्याला शहर सहज मिळाले आहे त्याने कागदाला नावे ठेवावीत. आम्हाला ते शोभणार नाही.

तरीही त्या दाराने आत गेल्यावर काय झाले, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रमणबागेच्या पटांगणात पहिली रात्र मी जवळजवळ वाया घालवली. समोर गाणे चालू होते आणि मी ओळखत होतो. हा निषाद कोमल, म्हणजे थाट अमुक; येथे पंचम वर्ज्य, म्हणजे राग तमुक; वादी कोणता, संवादी कोणता. शेजारी बसलेल्या, घोंगडी पांघरलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी दबक्या आवाजात रागाचे नाव विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, बोट ओठांवर ठेवले आणि पुन्हा डोळे मिटले. त्या क्षणी मला राग आला होता. मला शहरातले पहिले दिवस नको होते, मला शेवटचे दिवस हवे होते; माहीतगाराची जागा मला पहिल्याच रात्री हवी होती. भातखंडे यांच्या ग्रंथातला शिष्य मी होतो, पण प्रश्न मात्र रोजनिशीतल्या प्रवाशाचे घेऊन बसलो होतो. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे गेली.

म्हणून मद्रासला गेलेला दुसरा एक प्रवासी येथे आठवतो. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मूळचे किराण्याचे, पण मिरजेत स्थिरावल्यामुळे आपलेच. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य. खाँसाहेब आणि भातखंडे हे विचारांनी एका बाजूला नव्हते. देवल आणि क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचे जे मोजमाप केले त्याला खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार होता. आणि १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत क्लेमंट्सच्या श्रुतिपेटीला भातखंडे यांच्या पक्षाने मान्यता दिली नाही. खाँसाहेब दक्षिणेत वारंवार गेले. म्हैसूर दरबारात आणि मद्रासेत गायले. त्यांनी रोजनिशी ठेवली नाही. पण त्यांच्या ओडियन ध्वनिमुद्रिकांत एक त्यागराजांची कृती आहे, खरहरप्रिया रागातली, 'राम नी समानमेवरू'. तेलुगूचे उच्चार परक्याचे आहेत हे तेलुगू न जाणणाऱ्यालाही कळावे. गायकी किराण्याचीच आहे, स्वरावर रेंगाळणारी. आणि तरी त्यात दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवताना माणूस जसा किंचित सावध होतो तशी सावधगिरी आहे. त्यांच्या सरगम गाण्यावर कर्नाटक पद्धतीचा जो संस्कार जाणकार दाखवतात, तोही असाच ऐकत ऐकत आलेला.

खरहरप्रिया म्हणजे भातखंडे यांच्या मांडणीत काफी थाट. स्वर तेच. एका प्रवाशाने मद्रासेहून एक चौकट आणली, दुसऱ्याने त्याच स्वरांतले एक गाणे आणले. येथे खाँसाहेबांना निरागस श्रोता ठरवून भातखंडे यांच्यासमोर उभे करण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. खाँसाहेबही व्यावसायिक होते. मद्रासच्या श्रोत्यांना काय रुचेल याचा अंदाज त्यांनी बांधलाच असेल, आणि ध्वनिमुद्रिका कंपनीचा बाजारही त्यामागे होता. शिवाय गाणे शिकून घेण्याची ही वाट फक्त गळा असलेल्यालाच उपलब्ध आहे. हिवऱ्याच्या वाचकाला तिचा उपयोग काय? त्याला तीन मिनिटांच्या मुद्रिकेतून राग कळत नाही, चौकटीतून निदान नाव कळते. माझे म्हणणे एवढेच की समीक्षेने या दोन्हींना प्रवासाचे लेखन म्हणून वाचायला शिकावे. ती मुद्रिका हेही खाँसाहेबांनी दक्षिणेचे केलेले वर्णनच आहे, आणि ते ज्या अर्थाने खरे आहे त्या अर्थाने रोजनिशीतल्या भेटी खऱ्या नाहीत. उलटही म्हणता येते: मुद्रिकेत मतभेद नोंदवता येत नाही, 'हे मला पटले नाही' असे गाऊन सांगता येत नाही, आणि ते सांगण्याची भातखंडे यांची जिद्द नसती तर आज रागाविषयी मराठीत दोन माणसांना वाद घालायला सामाईक शब्दच नसते.

रोजनिशीतील मद्रास अद्याप मराठी वाङ्मयसमीक्षेच्या टापूत आलेले नाही. ती आली पाहिजे ती संगीतशास्त्राचे साधन म्हणून नव्हे. ज्या पानांवर उत्तर मिळत नाही, दुभाषा अडतो, समोरचा पंडित विषय बदलतो, ती पाने तिच्यात अधिक मोलाची आहेत, कारण तेथे सांगणारा अजून गुरू झालेला नसतो. 'पद्धती'च्या संवादात या अडखळण्याचे किस्से झाले. किस्स्यात दुसरा हास्यास्पद ठरतो; रोजनिशीत कधीकधी दोघेही अपुरे ठरतात.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत गाडीतच त्यांच्या छातीत दुखू लागले आणि चिंगलपेटच्या अलीकडे सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालून बसले, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी कानड्याच्या स्वरांत कलमा म्हणत त्यांनी प्राण सोडला, असे सांगितले जाते. तारीख २७ होती. त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला. मद्रासहून तंजावरकडे जाणारा लोहमार्ग त्याच स्थानकावरून पुढे जातो.